अकरावी पायरी

“घाई करू नका. नीट विचार करा. एकच संधी उरलीय.”

हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी तिच्या तोंडून निघे, आणि दर वेळी सारख्याच आवाजात, ना चढा ना उतरता. कंपनीच्या तळमजल्यावर, जिन्याखालची जागा संपून सर्व्हरच्या खोलीची गार भिंत सुरू होते तिथे, दोन टेबलं, दोन संगणक आणि दोन फोन मांडून हेल्पडेस्क थाटलेला होता, आणि भिंतीकडच्या टेबलावर गेली बारा वर्षं ती बसत असे. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी इमारतभर तिला कुलूपबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. पासवर्ड विसरलेल्या माणसाला तिच्याशी गाठ पडल्यावाचून गत्यंतर नसे. तो फोन करून आपला क्रमांक सांगे, मग त्याने नोकरीला लागताना स्वतःच लिहून दिलेले तीन प्रश्न तिच्या पडद्यावर उमटत, ती ते वाचून दाखवी, तो देईल ते उत्तर टाइप करी, आणि खाली हिरवी नाहीतर लाल चौकट येई. खरं उत्तर काय ते तिलाही दिसत नसे. चुकलेलं उत्तर पुन्हा देता येई, पण एकूण तीन चुका झाल्या की खातं बंद. मग तो शिपाई असो की संचालक, कुलूपबाईला सारखाच.

त्या मंगळवारी सकाळी फोनवर गोदामातले कारकून होते. गुरुवारी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन ठरलेलं, खर्चाच्या मंजुरीचा फॉर्म कंपनीच्या संगणकातच भरायचा, आणि पासवर्ड काही केल्या आठवत नव्हता. पहिल्या गुरुजींचं टोपणनाव काय, या प्रश्नावर ते दोनदा चुकले होते.

“बाई, तुम्ही माझा आवाज ओळखता. तुमचं नवं कपाट आणून बसवलं तेव्हा मीच उभा होतो तिथे.”

“आवाज ओळखणं माझं काम नाही.”

“अहो, पंचेचाळीस वर्षं झाली त्या शाळेला. घरात आजारपण आहे, डोकं ठिकाणावर आहे का माझं?”

“घाई करू नका,” ती म्हणाली. “नीट विचार करा. एकच संधी उरलीय.”

मग कारकुनांनी ‘छडीमास्तर’ असं काहीतरी अगदी हळू सांगितलं, आणि चौकट लाल झाली. आता त्यांना कार्ड आणि साहेबाच्या सहीचं पत्र घेऊन जातीनं यावं लागणार होतं, म्हणजे दोन दिवस गेलेच. तिने नोंदवहीत तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून पुढे ‘ओळख पटली नाही’ अशी नोंद केली आणि पेनाला टोपण लावलं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हे सगळं ऐकत होता. दुसऱ्याची फजिती झाली की याचे दात दिसत, म्हणून त्याला हसऱ्या नाव पडलेलं. पण आज तोही हसला नाही.

“माणूस खरा होता, बाई.”

“असेल. संगणकाला माणूस दिसत नाही. त्याला उत्तर दिसतं.”

हे वाक्यही तिचं ठरलेलं. दर बुधवारी नव्याने लागलेल्या लोकांना ती वरच्या सभागृहात संगणकाची तोंडओळख करून देई. पेटी उघडून दाखवी, हा हिशेब करणारा तुकडा, ही वीज गेली की सगळं विसरणारी स्मृती, ही न विसरणारी डिस्क, आणि या सगळ्यांवर कोणी कधी कुठे बसायचं ते ठरवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. मग केबल, मग नेटवर्क, आणि शेवटी तिचा आवडता विषय. ओळख पटवायच्या गोष्टी जगात तीनच आहेत, ती सांगे. तुम्हाला काय माहीत आहे, तुमच्याजवळ काय आहे, आणि तुमचा अंगठा. चेहरा, आवाज, नातं, रडगाणं, हे या यादीत नाही. एखादा पोरगेलासा नवखा हसे, पण तिच्याकडे नजर गेली की गप्प बसे.

आता एक गोष्ट तिने कार्यालयात कुणालाच सांगितली नव्हती, आणि तिच्या धंद्यातली शहाणी माणसं ती गुपचूप करतातच. तिची स्वतःची उत्तरं खोटी होती. शाळा, गाव, मावशीचं नाव, असली खरी उत्तरं चार चौकशा केल्या की कुणालाही मिळतात. खोटं उत्तर मात्र कुणाच्या बापाला सापडत नाही. पण खोटं बोलायचं तर ते लक्षात राहायला हवं, म्हणून तिने बारा वर्षांपूर्वी एकदाच बसून एक वेगळं बालपण रचलं आणि प्रत्येक ठिकाणी तेच वापरलं. या बालपणात तिला एक मोठा भाऊ होता, खडू खायचा म्हणून त्याला खडूच म्हणत. बसायच्या दिवाणावरून कधी न उतरणारा दिवाण नावाचा कुत्रा होता. आणि लाकडाच्या वखारीमागे उंचावर एक घर होतं, त्याला अकरा पायऱ्या होत्या. प्रत्यक्षात ती एकुलती एक होती, घर भाड्याचं आणि तळमजल्यावरचं, पायरी एकही नाही, आणि घरमालक मांजरसुद्धा ठेवू देत नसे. बालपण आठवायला बसली तर पाच मिनिटांत संपे. कधीकधी दुपारी फोन थंडावले की ती उगीच त्या दुसऱ्या घराचा विचार करी, आणि मग स्वतःवरच चिडून कामाला लागे.

घरी तिची आई होती, जिला आता सगळेच आजी म्हणत, आणि नऊ वर्षांची लेक चिऊ. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा येणारा. चिऊची शाळा सकाळची, मग दोघी दिवसभर एकट्या, म्हणून कुलूपबाईने दारालाही कार्यालयाचाच नियम लावला होता. साखळी लावूनच दार किलकिलं करायचं, तीन प्रश्नांपैकी एक विचारायचा, तीन चुका झाल्या की लावून टाकायचं. उत्तरं तीच. खडू, दिवाण, अकरा. चिऊला हा खेळ फार आवडे, आणि ती आईपेक्षाही कडक होती.

त्याच मंगळवारी, जेवणानंतर, तिचा फोन वाजला.

“पासवर्ड विसरले,” बाईचा आवाज होता. शांत, जरा दमलेला. तिने कर्मचारी क्रमांक सांगितला.

कुलूपबाईने तो टाइप केला आणि मग थांबली. तो तिचाच क्रमांक होता.

हसऱ्याचा चावटपणा असेल म्हणून तिने शेजारी पाहिलं, तर तो दुसऱ्या फोनवर कुणालातरी प्रिंटरची वायर कुठली ते समजावत होता. मग हिची जिरवावीच अशा बेताने तिने नेहमीच्या आवाजात पहिला प्रश्न वाचला.

“भावंडाचं लाडाचं नाव?”

“खडू.”

चौकट हिरवी झाली.

“पहिला पाळीव प्राणी?”

“दिवाण.” आवाज किंचित हसला. “शेवटी शेवटी त्याला उचलूनच खाली ठेवायला लागायचं. मागचे पाय गेले होते त्याचे.”

हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. हे तिने रचलंही नव्हतं.

“लहानपणीच्या घराला पायऱ्या किती?”

“तुमच्याकडे अकरा लिहिलं असेल, म्हणून अकरा. पण आम्ही दहाच मोजायचो. अकरावी फुटकी होती, तिच्यावर पाय द्यायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं.”

तिसरी चौकटही हिरवी झाली. नियमाप्रमाणे आता तिने नवा पासवर्ड द्यायला हवा होता. बारा वर्षांत तिन्ही उत्तरं बरोबर देणाऱ्या एकाही माणसाला तिने परत पाठवलं नव्हतं.

“कोण बोलतंय?” तिने विचारलं. तिचा आवाज चढला होता, आणि हसऱ्या वळून बघायला लागला.

“ते मी तुम्हाला तीनदा सांगितलं,” बाई म्हणाली.

कुलूपबाईने फोन आपटला. मग नोंदवही ओढली आणि तीन हिरव्या चौकटी समोर असताना ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलं. त्या वहीतली ही तिची पहिली खोटी नोंद होती, आणि अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तिला ते स्वतःचं वाटेना.

संध्याकाळी जेवताना आजी सहज म्हणाली, “खडूचा काही फोनबिन?”

तिच्या हातातला घास हातातच राहिला. पण दाराची उत्तरं आजीलाही पाठ होती, त्यावरून ती गंमत करत असणार, हे उघड होतं. तिने तशी समजूत करून घेतली आणि विषय बदलला. आजीचे डोळे अजून सुईत दोरा ओवत आणि कान तिखट होते. भ्रमिष्ट म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं.

बुधवारी वर्ग संपवून ती खाली आली तेव्हा तीन वाजले होते. संगणकाने तिचा पासवर्ड घेतला नाही. पुन्हा टाइप केला, तरी नाही.

“अहो, तो मघाशीच बदलून दिला ना तुम्हाला,” हसऱ्या म्हणाला. “तुमचा फोन आला होता. तिन्ही उत्तरं बरोबर.”

“मी वर होते. चाळीस माणसांसमोर उभी होते.”

“मग वरूनच केला असेल. आवाज तर तुमचाच होता.”

“आवाज!” ती एवढ्या जोरात ओरडली की सर्व्हरच्या खोलीतून वायरकाका बाहेर आले. “आवाजावर पासवर्ड देता तुम्ही?”

“आवाजावर नाही, उत्तरांवर दिला,” हसऱ्याचे दात आता दिसत होते. “तुम्हीच शिकवलंत. संगणकाला माणूस दिसत नाही.”

वायरकाका निवृत्तीला टेकलेले, इमारतीतल्या सगळ्या तारा त्यांच्या डोक्यात होत्या, आणि कुलूपबाईशी बरं बोलणारं त्या मजल्यावर तेवढं एकच माणूस होतं. त्यांनी तिला आत नेलं, लॉग उघडला आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं. नव्या पासवर्डने पंधरा मिनिटांपूर्वी कुणीतरी आत शिरलं होतं. कुठून, तेही लिहिलेलं होतं.

“हा पत्ता तुमच्या घरच्या राउटरचा आहे,” ते म्हणाले. “मीच तर बसवून दिला होता. घरी कोणी शिकलंसवरलेलं आहे का?”

तिने घरी फोन लावला. आजीने उचलला.

“आई, घरात कोण आहे?”

“कोण असणार? मी आणि चिऊ.” मग जरा वैतागून, “अगं, आत्ता तर आत गेलीस, तिथून फोन कसला करतेस? हाक मार ना.”

ती कशी घरी पोचली ते तिला पुढे आठवलं नाही. दार चिऊनेच उघडलं, प्रश्न विचारून, आणि दिवाण हे उत्तर घेऊन. घरात परकं कुणी नव्हतं. आतल्या खोलीतला संगणक चालू होता, पंखा गुरगुरत होता, खुर्ची टेबलाला नीट लावलेली. आजी म्हणाली, “तू परत बाहेर कधी गेलीस?” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, “डुलकी लागली असेल मला.” पण टेबलावर चिऊची चित्रकलेची वही होती. वखारीमागचं उंचावरचं घर, दाराशी तोंड पांढरं झालेला एक मुलगा, दिवाणावर पसरलेला कुत्रा, आणि खालपासून वरपर्यंत पायऱ्या. सगळ्यात वरची मधोमध तडकलेली, आणि तिच्यावर चिऊने लाल फुली मारली होती.

“हे कोणी सांगितलं तुला?”

“तूच,” चिऊ म्हणाली. “दुपारी. तू दुपारच्या गोष्टी किती छान सांगतेस. रात्री नुसतं झोप म्हणतेस.”

भीतीच्या आधी तिला मत्सर वाटला. हे तिला स्वतःलाही कबूल करायला लाज वाटली, पण खरंच वाटला. आपल्या पोरीला सांगायला आपल्याजवळ एकही गोष्ट नाही, आणि जिच्याजवळ आहेत ती आपल्याच घरात बसून त्या सांगून गेली. तिने चिऊला दोन्ही खांदे धरून समोर बसवलं.

“नीट ऐक. आजपासून उत्तराशिवाय दार कुणालाही उघडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. समोर मी दिसले तरी. माझा आवाज आला तरी. मी रडले, ओरडले, काही म्हटलं तरी. चेहरा बघायचा नाही, उत्तर बघायचं. कळलं?”

“आणि तीन चुकली तर?”

“तर दार लाव. मी असले तरी लाव.”

चिऊने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत खेळाची चमक होती.

संध्याकाळी तिने राउटरची वायर उपटली, तो गुंडाळला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. मग भाजी निवडत बसलेल्या आजीजवळ जाऊन तिने विचारलं, “आई, मला भाऊ नव्हता ना?”

आजीचे हात थांबले. तिने लेकीकडे पाहिलं.

“आज हे काय काढलंस मधेच?” ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली. कुलूपबाईची दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी कार्यालयाच्या दारातल्या यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. लाल दिवा लागून पट्टीवर अक्षरं सरकली, ओळख पटली नाही. तिने अंगठा पुसला, फुंकर मारली, पदराने कोरडा केला. तीच अक्षरं. कार्ड लावून पाहिलं, त्यालाही तेच.

दारवानाने आपला तक्ता चाळला. “बाई, तुम्ही तर साडेआठलाच आत गेलात. हा बघा तुमचा अंगठा. आत असलेल्या माणसाला मी परत आत कसा घेणार?”

“मी तुझ्यासमोर उभी आहे.”

“ते दिसतंय हो,” तो अवघडून म्हणाला. “पण माझ्या भावाला गेल्या वर्षी तुम्हीच इथे तीन तास उभं केलं होतं. दिसत तोही होता.”

तिचा पाणउतारा बघायला येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं रेंगाळत होती. कुणी मध्ये पडलं नाही. गोदामातले कारकून साहेबाचं पत्र घेऊन आत जाताना तिच्याजवळ क्षणभर थांबले. “ऑपरेशन पुढं ढकललं दवाखान्यानं,” एवढंच म्हणाले, आणि त्यांचा अंगठा यंत्राने पहिल्या फटक्यात घेतला. शेवटी दुपार टळल्यावर वायरकाका तिला न्यायला आले. पाहुण्यांना देतात ते निळं कार्ड तिच्या गळ्यात अडकवून त्यांनी तिला सर्व्हरच्या खोलीत बसवलं. सकाळपासून तिच्या खुर्चीवर कुणी बसलेलं त्यांनी तरी पाहिलं नव्हतं. पण हसऱ्या सांगत होता, बाई दुपारपर्यंत होत्या, अगदी गोड बोलत होत्या, आणि त्यांनी गोदामाच्या कारकुनांचं खातं पत्र न बघताच उघडून दिलं.

“पोलिसांत जाऊ या का?” ती म्हणाली.

“जाऊ की. सांगणार काय? कुणीतरी माझी उत्तरं बरोबर देतंय म्हणून?”

मग वायरकाकांनी नियम मोडला. “मी तुम्हाला बारा वर्षं बघतोय, मला कसला पुरावा,” म्हणत त्यांनी आपल्या अधिकारात तिचं खातं उघडलं आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. हेच तिने केलं असतं तर तिने स्वतःलाच नोकरीवरून काढलं असतं. तिला काय करायचं होतं ते पक्कं होतं. ती खोटी बाई मुळापासून पुसायची, आणि तिच्या जागी स्वतःचं खरं ते लिहायचं.

भावंडाचं लाडाचं नाव, या चौकटीत तिने टाइप केलं, नाही. पहिला पाळीव प्राणी, नाही. घराला पायऱ्या किती, नाही.

पडद्यावर सूचना आली, तिन्ही उत्तरं सारखी असल्याने स्वीकारता येत नाहीत. कृपया तुम्हाला नक्की आठवणारी उत्तरं द्या.

हा नियम तिनेच सुचवला होता, सहा वर्षांपूर्वी. आठवण म्हणून लिहावं असं काहीतरी तिने आठवून पाहिलं, तर एकदम डोळ्यांसमोर मागचे पाय गेलेला कुत्राच आला, त्याला उचलताना पोटाखाली लागणारा गरम, जड भार. तिने कीबोर्डवरचे हात झटकन मागे घेतले. तेवढ्यात चौकट आपोआप मिटली, आणि तिच्या जागी दुसरी ओळ उमटली, तुमच्या खात्यावर दुसऱ्या ठिकाणाहून काम सुरू आहे. उत्तरं बदलण्यात आली. इथलं काम बंद करत आहोत.

“कुठून?” ती ओरडली. “काका, कुठून?”

वायरकाकांनी लॉग वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“तुमच्या घरचाच राउटर.”

तिने पर्स त्यांच्या टेबलावर पालथी केली. चाव्या, रुमाल, डबा, आणि त्यांच्यात तो काळा राउटर, वायर भोवती गुंडाळलेली, दिवे विझलेले. वायरकाकांनी बोटाने तो हळूच आपल्यापासून लांब सरकवला. त्यांचं तिच्याकडे पाहणं बदलल्याचं तिला दिसलं. बारा वर्षं बघितलेल्या माणसाकडे ते आता पहिल्यांदाच बघत होते.

“तुमचं कार्ड,” ते खाली बघत म्हणाले. “पाहुण्याचं. जाताना दारात परत द्यायचं असतं.”

ती घराच्या इमारतीशी पोचली तेव्हा साडेसहा होत होते, खिडक्यांवर अजून ऊन होतं. चाव्या वायरकाकांच्या टेबलावरच राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं, पण परत फिरायला जीव धजेना. लिफ्ट वर अडकलेली होती, म्हणून ती जिन्याने धावत सुटली. चिऊ एवढाच एक विचार तिच्या डोक्यात होता, दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटच्या वळणावर दहा पायऱ्या चढून तिने वरची पायरी न बघताच लांब टांग टाकून ओलांडली, आणि दारापर्यंत आल्यावर तिला कळलं की आपण पायरी ओलांडली. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही.

तिने घंटा दाबली. आत साखळी अडकवल्याचा आवाज आला, दार चार बोटं उघडलं, आणि फटीत चिऊचा एक डोळा आला.

“चिऊ, उघड. लवकर उघड, बाळा.”

“लहानपणीच्या घराला पायऱ्या किती?” चिऊने विचारलं.

“अकरा.”

“चूक.”

“अगं अकरा! अकराच ठरलंय आपलं.”

“ते जुनं. आईनं आज बदललं. एक चूक झाली.” चिऊचा आवाज खेळातला होता, काटेकोर आणि खूश.

“चिऊ, माझ्याकडे बघ. मीच आई आहे. आत कोण आहे? आजी कुठे आहे?”

“तुम्ही आईसारख्याच दिसता,” चिऊ म्हणाली. “पण चेहरा बघायचा नसतो.”

ते ‘तुम्ही’ तिच्या काळजात घुसलं. जन्मापासून या पोरीने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. तिने फटीत बोटं घातली, चिऊ एक पाऊल मागे सरली, आणि मग कुलूपबाई रडायला लागली, दारातच, आणि रडता रडता तिने खरं काय ते सांगून टाकलं. “पायऱ्या नव्हत्या गं. एकही नव्हती. तळमजल्यावरचं घर होतं आमचं, भाड्याचं. विचार आजीला. पायरीच नव्हती.”

चिऊने मागे वळून आत पाहिलं, कुणीतरी मान हलवली असावी तशी. मग डोळा पुन्हा फटीत आला.

“दोन चुका झाल्या.”

आता तिच्याजवळ एकच उत्तर उरलं होतं. ते तिच्या जिभेवर होतं, पायांना तर मघाशीच ठाऊक झालेलं होतं, पण ते तिचं नव्हतं, आणि ते बरोबर निघालं तर आत जाणारी कोण असेल हे तिला कळत नव्हतं. चुकलं तर दार लागणार होतं, ती असली तरी लागणार होतं. आतून तिच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येत होता. आजी कुणाशी तरी हसून बोलत होती. गोष्ट मध्येच राहिली म्हणून चिऊ एका पायावर नाचत होती आणि पुन्हा पुन्हा आत बघत होती.

“आई, या बोलतच नाहीयेत. लावू का दार?”

भांड्यांचा आवाज थांबला. पावलं फटीपर्यंत आली नाहीत, मधेच कुठेतरी उभी राहिली.

“घाई करू नकोस, चिऊ,” आतला आवाज म्हणाला, ना चढा ना उतरता. “त्यांना नीट विचार करू दे. एकच संधी उरलीय.”